जुन्या प्रोग्रामचे राखणदार

माझ्या थोरल्या जावेच्या भावाइतका मोठा गोतावळा सबंध मालवण तालुक्यात दुसऱ्या कोणाचा नसेल, आणि त्या गोतावळ्यात माणूस म्हणून एकही नव्हतं. सदुसष्ट जण होते आणि सगळे कॉम्प्युटरच्या आत राहायचे. कोणाचं कोणाशी पटतं, कोण कोणावाचून जागचं हलत नाही, कोणाला कोणाच्या शेजारी बसवलं की घर डोक्यावर घेतील, हे दादांना तोंडपाठ होतं. सख्ख्या भाच्याच्या बायकोचं नाव ते दर वेळी नवीन सांगायचे, पण कागद छापणाऱ्या लायब्ररीला कितव्या नंबरची अक्षरं लागतात हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बिनचूक सांगितलं असतं. मी त्यांना दादा म्हणायचे. ते मला वयनी म्हणायचे.

आमचं घर कट्टा गावच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. अर्धं आमचं, अर्धं जावेचं. जाऊ मुंबईला असते, त्यामुळे तिचा अर्धा भाग वर्षभर बंद असायचा. सहा वर्षांपूर्वी त्यात दादा राहायला आले. बायको वारलेली, नोकरीतून मोकळे झालेले, मुलगी पुण्याला. मुलीने त्यांना इथे राहू देताना एकच अट घातली होती. ती फोनवर बोलत असताना मी शेजारीच होते म्हणून मला माहीत. ती म्हणाली, "बाबा, ते तुमचं काम आहे तोवर राहा तिकडे. पण काम संपलं की मुकाट्याने इथे यायचं. एकटं राहायचं नाही. कबूल?" दादा म्हणाले, "कबूल." आणि त्या दिवसापासून काम संपू नये म्हणून जे जे करता येईल ते ते करत राहिले.

ते काम असं होतं. डोळ्यांची ऑपरेशनं फुकट करणारी एक संस्था आहे. ती गावोगाव शिबिरं भरवते. कोणाचा कुठला डोळा केला, आत कुठलं भिंग घातलं, पट्टी कधी काढायची, परत कधी यायचं, हे सगळं एका प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं. तो प्रोग्राम दादांनी वीसेक वर्षांपूर्वी जावा नावाच्या भाषेत लिहिला होता. बरोबरचे सगळे नोकऱ्या बदलून गेले, आणि त्याला सांभाळणारे दादा तेवढे उरले. कट्ट्याला बसून ते इथून मुंबईचं यंत्र चालवायचे. त्यासाठी नेटची रेंज लागते, आणि आमच्या परसात ती फक्त फणसाच्या दुसऱ्या फांदीवर आहे; नुसतं बोलायला घरातही मिळते. म्हणून दादांचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने तिथे वर टांगलेला असायचा. फोन आला की फणस वाजायचा. दोरी सोडून फोन खाली येईपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा, आणि दादा म्हणायचे, "गरज आसात तर परत करतलो." मिटिंग असली की वर इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली पंचा. समोरच्याला शर्ट तेवढा दिसायचा. एकदा मिटिंग चालू असताना गाय आत शिरली आणि दादांना उठावं लागलं. त्यानंतर महिनाभर त्यांनी कॅमेरा बिघडला असं सांगितलं.

त्यांच्या सदुसष्ट नातेवाईकांची गोष्ट त्यांनी मला अंगणात सुपारी सोलताना सांगितली. प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. तारखा मोजायचं काम कोणीतरी कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, कागद छापायचं दुसऱ्या कोणी. ते तयार काम आणून आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. अशा एकेका तयार कामाला लायब्ररी म्हणतात. बनवणारे ती सुधारत राहतात, म्हणून प्रत्येकीला नंबर असतो, एक पॉइंट चार, दोन पॉइंट एक असा. मी विचारलं, "मगे तेच्यात कठीण काय आसा?"

दादांनी सुपारी खाली ठेवली. "वयनी, तुम्ही लग्नाचा आमंत्रण एका बायलेक दिलास. ती एकटी येता?"

"नाय."

"ती सासयेक घेवन येता. सासू आपल्या भयणीक घेवन येता. भयणीबरोबर नातू येता, आणि तेका गोवर आसता. आता तुमच्या मांडवात गोवर कोणी हाडल्यान? तुम्ही तर एकाच बायलेक बोलवलास."

"आमंत्रणाची यादी करूची."

"तीच तर कोणी केली नाय," दादा म्हणाले. "तेव्हा मी जवान होतंय. दिसला ता हाडलंय आणि कोंबलंय."

हल्लीची मुलं म्हणे एका फाईलीत सगळ्यांची नावं आणि नंबर लिहून ठेवतात, आणि यंत्र आपलं आपण जाऊन ज्याला त्याला घेऊन येतं. दादांच्या वेळची मंडळी मात्र अशीच येऊन बसलेली. काहींच्या नावावर नंबरसुद्धा नव्हता. काही दोनदा आलेली, एक जुन्या नंबराची आणि एक नव्या. कोण कामाची आणि कोण नुसतीच जेवायला आलेली, हे वरून बघून कळायचं नाही. मग दादा एकेकीला बाहेर काढून बघायचे. पण एकदम घालवायचे नाहीत. त्यांनी वेगळं एक फोल्डर केलं होतं, त्याचं नाव पडवी. ज्या लायब्ररीचा संशय येईल तिला आठ दिवस पडवीत बसवायची. आत कोणी तिला हाक मारली तर परत आत घ्यायची, नाही मारली तर आणखी आठ दिवस वाट बघायची. मी म्हटलं, एवढी वाट कशाला बघायची, तर म्हणाले, "एक शिबिर वर्साक एकदाच भरता. त्या दिवशी तिका हाक मारतले आणि ती नसली तर?"

ही पद्धत त्यांनी स्वयंपाकातही आणली. बांगड्याच्या सारात खरोखर काय काय लागतं, हे त्यांना एकदा शोधायचं होतं. रोज एक वस्तू कमी करायची आणि वाटी घेऊन आमच्या दारात यायचं. "आज धणे काढलंय. सांगा." दुसऱ्या दिवशी हळद. तिसऱ्या दिवशी तिरफळ काढलं तेव्हा आमचे हे वाटी तशीच परत ठेवून गिरणीवर निघून गेले. आमची पिठाची गिरण आहे बाजारात. पंधरा दिवस आम्ही ती सारं खाल्ली. शेवटी दादांनी यादी करून भिंतीला लावली. मीठ, आमसूल, तिरफळ, खोबरं, मिरची हे घरचे. धणे फक्त शेजारी. हळद नसली तरी कोणी विचारीत नाही, पण रंगाला बरी दिसते म्हणून राहू दे. मुंबईहून आलेल्या जावेने ती यादी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी ह्याने घड्याळ उघडलेला. तेव्हा आईने बदडलेला, पण कमी पडला."

पण दादांची खरी खूण म्हणजे गाऱ्हाणं. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तसं ते लॉपटॉपसमोर घालायचे. देवधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, वर्षातून एकदा जत्रेला जातील तेवढेच. पण एखादी लायब्ररी बदलायची असली की हात जोडून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, आज जी काय ही छापणारी मी पडवीत बसयतंय आणि तिच्या जाग्यार नव्या नंबराची हाडतंय, तिका बाकीच्या मंडळींनी आपली म्हणान सांभाळून घेवची. काय वाकडा झाला तर जुनीक परत जाग्यार बसवची बुद्धी देवची, आणि माझी चूक तिच्या माथ्यार जावची नाय, असा कर रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणणारं कोणीतरी लागतं, एकट्याने घातलेलं पुरं होत नाही. ते काम माझं. मी मागे उभी राहून हळूच म्हणायचे. दादा वळून बघायचे. "वयनी, माकाच आयकाक येवक नाय. देवाक खंयसून येतला?" मग मी थोडं मोठ्याने म्हणायचे. आमचे हे त्या वेळी पिठाने पांढरे होऊन फाटकातून येत असले की तिथूनच ओरडायचे, "व्हय म्हाराजा. आणि भात वाढूची बुद्धी दे रे म्हाराजा."

एक दिवस गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं आणि दादा एकदम म्हणाले, "थांब रे म्हाराजा." हात सोडले, खुर्चीत बसले, काहीतरी बघितलं आणि कपाळ पुसलं. चुकीच्या लायब्ररीला बाहेर काढत होते. मला म्हणाले, "म्हणान घालतंय गाऱ्हाणा. काय करतंय ता तोंडान सांगूचा लागता. तोंडान सांगताना आपला आपणाकच आयकाक येता."

माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर राहिलं. दादांचं अक्षर त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी लागायचं नाही. म्हणून आल्यानंतर महिन्याभरातच त्यांनी मला एक दोनशे पानी वही आणून दिली आणि म्हणाले, मी बोलतो ते लिहीत जा. काय लिहायचं आणि काय सोडायचं हे विचारायला मला अवघड वाटलं, म्हणून मी सगळंच लिहिलं. दादांना काम करताना मोठ्याने बोलायची सवय. त्यामुळे वहीत असं येत गेलं: "अक्षरांची. नंबर एक पॉइंट चार. हिका हात लावचो नाय, हिची सासू कडक. आयशीक, मुंगळो चावलो." दादांनी कधी वही वाचून बघितली नाही. नंबर हवा असला की मला विचारायचे आणि मी पान काढून सांगायचे. अशा तीन वह्या भरल्या.

गेल्या दिवाळीनंतर दादांना ताप आला. साधा नव्हता, तीन दिवस डोळे उघडले नाहीत. त्याच दिवसांत तो प्रोग्राम अडकला. अडकला तर परत उभा करायची एक रीत होती आणि ती दादांनाच ठाऊक. फणस सारखा वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोरी सोडून फोन माझ्या हातात दिला. शिबिरातली एक बाई बोलत होती. "सर कुठे आहेत? इथे लोक बसलेत हो. पट्ट्या बांधलेल्या आहेत, घरी पाठवायचंय, पण परत कधी यायचं ते कार्ड निघत नाही. तारीख न देता कसं पाठवू?" मी सांगितलं, ताप आहे, झोपलेत. ती म्हणाली, बरं. आणि तासाभराने परत फोन केला. चौथ्या दिवशी दादा घोंगडी पांघरून उठले, लॉपटॉपसमोर बसले, आणि मी पेज आणीपर्यंत काम झालंसुद्धा. पेजेचं ताट त्यांनी बाजूला सारलं. "धा मिन्टांचा काम होता," म्हणाले. तापाने पडले नव्हते इतके त्या दिवशी पडलेले दिसले.

शिमग्याच्या आधी संस्थेची मेल आली. ज्या यंत्रावर प्रोग्राम चालतो ते फार जुनं झालं, मेअखेर बंद होणार. नवीन यंत्र घेतलंय, त्यावर नवी जावा आहे. त्यावर प्रोग्राम चढवून दिला तर ठीक, नाहीतर बाहेरून तयार घेऊ आणि हा बंद करू. मेल वाचून दादा ह्यांना म्हणाले, "पुण्याक थंडी किती पडता हो?" हे म्हणाले, "तुमका कित्याक? तुम्ही खंय जातास?" दादांनी लॉपटॉप मिटला. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला चौथी वही आणून दिली.

मार्च आणि एप्रिल अख्खा त्यांनी घर आवरल्यासारखं काम केलं. ज्या लायब्रऱ्या दोनदोनदा बसल्या होत्या अशा नऊ जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडीतली नव्या नंबराची ठेवायची आणि जुनी पडवीत काढायची, असं ठरलं. कोणीही हेच करेल. आठ जोड्या गुण्यागोविंदाने वेगळ्या झाल्या. नव्या यंत्रावर पानामागून पान उघडायला लागलं. रोग्याचं नाव, गाव, डोळा, भिंग, सगळं दिसायला लागलं. फक्त एक पान उघडेना, परत यायची तारीख देणारं. तिथे गेलं की नुसतं पांढरं. यंत्र चूक कोणाची ते सांगतं, पण दादा म्हणायचे ते जे सांगतं ते भांडणात शेवटी ओरडलेल्या माणसाचं नाव असतं, सुरुवात केलेल्याचं नाही. यंत्र छापणारीचं नाव घेत होतं. छापणारी चारदा बदलून झाली. चार गाऱ्हाणी. मे सुरू झाला, परसात आमसुलं वाळत पडली होती, आणि पान पांढरंच.

शेवटी दादा म्हणाले, "वयनी, वही वाचा."

"खयची?"

"पयल्यापासून. सगळी."

मोठ्याने वाचायची मला सवय नाही. पण दुपारी ओटीवर ते खुर्चीत डोळे मिटून बसले आणि मी खाली पाटावर बसून वाचत गेले. मुंगळा वाचला तेव्हा ते म्हणाले, "ह्या कित्याक लिवलास?" मी म्हटलं, "तुम्ही बोललास म्हणान." त्यांनी परत डोळे मिटले. पहिला दिवस पहिली वही. दुसऱ्या दिवशी दुसरी निम्मी. तिसऱ्या दिवशी मी वाचलं: "तारखांची नवी हाडली. नंबर दोन पॉइंट एक. शांत आसा. शांत कशी काय? बघतंय. अरे, ही नुसतीच बसान आसा. काम सगळा जुनीच करता, नावाच्या क्रमान ती पयली लागता म्हणान. रवांदे, चलता ना. वयनी, तुमची भाकरी करपता."

दादांनी डोळे उघडले. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"ह्या मी बोललंय?"

"भाकरी खरीच करपलेली," मी म्हटलं.

ते खुर्ची पुढे ओढून बसले. मग सांगितलं ते असं. जुनं यंत्र लायब्रऱ्या नावाच्या क्रमाने घ्यायचं, आणि जी आधी येईल तिला काम द्यायचं. लहान नंबराची आधी यायची. चार वर्षं दादा सगळ्यांना सांगत होते की तारखांचं काम मी नव्या लायब्ररीवर आणलंय, आणि चार वर्षं ती नवी नुसती पाटावर बसून होती, तारखेच्या पानाशी तिची ओळखच झाली नव्हती. "काम करी होती ती म्हातारी," दादा म्हणाले, "आणि आवराआवर करताना मी तिकाच भायर काढलंय." त्यांनी जुनीला पडवीतून आत आणलं आणि नवीला बाहेर केलं. गाऱ्हाणं घातलं, पण अगदी थोडक्यात, देवालाही आता तेवढाच वेळ असल्यासारखं. मग नव्या यंत्रावर बघण्यासाठी माझं नाव घातलं. उजवा डोळा. पान उघडलं. कार्ड आलं, त्यावर माझं नाव, आमचं गाव, आणि पट्टी काढून झाल्यावर परत यायची तारीख. दादा ते कार्ड बघत राहिले. मला म्हणाले, "येवचा हां त्या दिवशी." मी म्हटलं, येईन.

संध्याकाळी हे गिरणीवरून आले. "झाला मगे," म्हणाले. "आता तुमका खंय जावक नको." दादांनी मान हलवली. पण जेवले नाहीत नीट.

दोन दिवसांनी संस्थेची मेल आली. आभार मानले होते. पुण्याच्या कचेरीत एक मुलगी नवीन लागली आहे, तिला हे काम जमेल तसं समजावून द्यावं, असं खाली लिहिलं होतं. हे म्हणाले, "जमेल तसा म्हणतत ना? मगे वरवरचा सांगा आणि वह्ये धरून बसा. वह्ये तुमच्याकडे आसत तवसर तुमका कोण हलयता?" दादा हसले. खरं होतं ते. कोण कशाला लागतं, कोणाला हात लावायचा नाही, कोण का बसून आहे, हे जगात फक्त त्या चार वह्यांत होतं. पुढे दोन दिवस त्यांनी लॉपटॉप उघडला नाही. आमसुलं उलटायला मला मदत करत बसले. तिसऱ्या दिवशी आमसुलं उलटता उलटता म्हणाले, "वयनी, तुमका काय वाटता?"

मला फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे तयार उत्तर नसतं. नका देऊ, असं मला म्हणायचं होतं. घराचा तो अर्धा भाग सहा वर्षं उघडा होता. सकाळी कोणीतरी तिथून वाटी घेऊन यायचं. मी मान खाली घालून आमसुलं उलटत राहिले, आणि तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, "तुमका ताप होतो तेव्हा फणस तीन दिस वाजत होतो."

दादा म्हणाले, "होय."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही यादी करायला बसलो. आता मी वाचायचे आणि ते टाईप करायचे. हल्लीच्या पद्धतीची फाईल, प्रत्येकीचं नाव, नंबर, आणि पुढे ती का आहे ते. सदुसष्टातल्या बावीस जणींना कोणीच हाक मारत नव्हतं असं निघालं. त्यांची नावं दादांनी फाईलीत घातली नाहीत, पण मला वहीत वेगळ्या पानावर लिहायला सांगितली. इतकी वर्षं बसल्या, म्हणाले. आठ दिवस लागले. शेवटच्या दिवशी दादांनी आपल्या लॉपटॉपच्या फोल्डरातलं सगळं बाजूला केलं, यंत्राला ती फाईल दिली आणि हात मागे घेतले. यंत्राने आपलं आपण एकेकीला आणलं, बसवलं, आणि प्रोग्राम उभा राहिला. दादांनी कशालाच हात लावला नव्हता. असं ते पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी स्वतःहून मुलीला फोन केला. तिने काही विचारलं नव्हतं. तिला काही कळलंही नसतं. म्हणाले, "काम चालू आहे. पण आता माझ्यावाचून चालेल." ती म्हणाली, "बाबा, मग तिकीट काढू?" आवाज मऊ होता तिचा. कबूल आहे म्हणून आठवण नाही करून दिली.

निघताना मी आमसुलं आणि मसाला बांधून दिला. वह्या त्यांच्या पिशवीत घालायला गेले तर त्यांनी काढून माझ्या हातात दिल्या. "अक्षर तुमचा," म्हणाले. "आणि त्या कचेरीतल्या चेडवाक तुमचो नंबर दिलंय. सांगलंय, यादीत नाय ता वयनींका विचार, माझ्यापेक्षा तेंका जास्त ठावक आसा." मी म्हटलं, असं कशाला सांगितलंत. ते रिक्षात बसले. ह्यांनी फणसावरची दोरी सोडून आणून त्यांच्या हातात दिली होती, तीही त्यांनी पिशवीत घातली. पुण्यात ती कुठल्या झाडाला बांधणार, ते कोणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. कचेरीतली ती नवी मुलगी होती, शुद्ध बोलणारी. "काकू, मी त्या प्रोग्रामचं बघते. फाईलमध्ये एका ठिकाणी लिहिलंय, हिला हात लावायचा नाही, हिची सासू कडक आहे. म्हणजे नक्की काय?" मी वही आणली. मग तिला सांगितलं की ही जिच्यासाठी आणलीय ती दुसरी नेमका हाच नंबर मागते, नवा चालत नाही. ती म्हणाली, "अच्छा, ओके," आणि लिहून घेतलं असावं, कारण मधे गप्प होती. मग आणखी तीनचारदा तिचा फोन आला. एकदा मुंगळ्याबद्दलही विचारलं, कारण दादांनी तोही यादीत घातला होता. मी उभ्या उभ्या फोनवर एवढं बोलते हे बघून हे म्हणाले, "तू खयच्या कंपनीत लागलस गो?"

पाचव्यांदा तिने जे विचारलं ते वह्यांत नव्हतं. मी दोनदा पानं उलटली. मग म्हटलं, "त्यांनाच विचार ना. तुझ्याच गावात आहेत ते."

"त्यांना त्रास कशाला द्यायचा म्हणून," ती म्हणाली. "रिटायर झालेत ना."

मी म्हटलं, "बाय, तू जा." आणि जावेकडून घेऊन पत्ता दिला.

पुढचं मला जावेकडून कळलं. ती मुलगी दर शनिवारी लॉपटॉप घेऊन दादांकडे येते. दादा शनिवारी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. आधी अर्ध्या तासासाठी यायची, आता जेवून जाते. सारात काय काय लागतं ते तिने लिहून घेतलंय म्हणे. त्यांच्या मुलीने जावेला सांगितलं, बाबा इथे आल्यापासून पहिल्यांदाच भांडले, ते लिफ्टवाल्याशी, शनिवारी लिफ्ट बंद ठेवली म्हणून.

त्यानंतर मला पुण्याहून फोन आला नाही. तिला जे विचारायचं ते ती आता तिथेच विचारत असेल. मी वह्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, आणि फोन जवळ ठेवून काम करते. वाजला नाही की समजते, तिकडे सगळं सुरळीत चालू आहे.